बिझनेस लॅपटॉपची जादा किंमत नेमकी कशासाठी मोजायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते हिशेबतपासणीचे आणि करविवरणपत्रांचे स्वतंत्र काम करतात. दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर असतात आणि आठवड्यातून दोन-तीनदा तो पिशवीत घालून ग्राहकांच्या कार्यालयात जातात. आधीचा लॅपटॉप चार वर्षांत खिळखिळा झाला, म्हणून नवा घ्यायचा आहे. समोर दोन पर्याय आहेत. दोहोंचा प्रोसेसर एकच, रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी आणि स्क्रीन १४ इंची. मात्र एक घरगुती वापराच्या मालिकेतला आहे आणि दुसरा ‘बिझनेस’ मालिकेतला, आणि दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या पावणेदोन पट आहे. विक्रेत्याने ‘हा मजबूत असतो’ एवढेच कारण दिले. ही जादा रक्कम मोजण्यात अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली अठरा-वीस वर्षे लॅपटॉप दुरुस्त करतो आणि त्याच्या जोडीने लहानमोठ्या कार्यालयांना खरेदीचा सल्ला देतो, त्यामुळे दोन्ही प्रकारचे लॅपटॉप नवे कोरे असताना जितके पाहिले, त्याहून जास्त ते बिघडल्यावर टेबलावर उघडून पाहिले आहेत. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, या किमतीचा निवाडा तुमचे काम ठप्प झालेल्या एका दिवसाच्या मोलावर होतो. लॅपटॉपच्या वेगाशी तिचा संबंध जवळजवळ नाही. मोल मोठे असेल तर पावणेदोन पट किंमत सहज वसूल होते. नसेल तर ती वाया जाते, आणि अशा वाया गेलेल्या खरेद्याही मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

वेगाचा मुद्दा आधी बाजूला सारू, कारण गैरसमज तिथेच सर्वाधिक आहे. प्रोसेसर तोच असेल तर हिशेबाचे सॉफ्टवेअर दोन्हीकडे सारख्याच वेळात उघडेल. कधी कधी तर घरगुती मालिकेतला लॅपटॉप थोडा पुढेच असतो, कारण एकाच प्रोसेसरला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. १५ वॉटसाठी आखलेली चिप एखादी कंपनी २५ वॉटपर्यंत सलग चालू देते, तर दुसरी कंपनी पंख्याचा आवाज आणि तळाची उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी तिला लवकर आवरते, आणि बिझनेस मालिकांचा कल बहुधा या दुसऱ्या बाजूला असतो. म्हणून माहितीपत्रकातले रकाने शेजारी ठेवून तुलना केली की बिझनेस लॅपटॉप महाग आणि वर फिकाही वाटतो. माहितीपत्रकात नेमक्या त्याच गोष्टी छापलेल्या असतात ज्यांत दोघांमध्ये फरक नसतो.

फरक आत असतो, आणि तो समजण्यासाठी बिजागरीइतके चांगले उदाहरण नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या तीन-चार वर्षे वयाच्या घरगुती लॅपटॉपांमध्ये एक तक्रार ठरलेली असते: झाकण उघडताना डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात ‘कट्’ असा आवाज होतो आणि स्क्रीनखालची पट्टी बॉडीपासून सुटून वर येते. असा लॅपटॉप उघडला की आत पितळेच्या तीन-चार बारीक नळ्या सुट्या पडलेल्या सापडतात, आणि त्यांच्यात स्क्रू अजूनही घट्ट बसलेले असतात. स्क्रू ढिला झालेला नसतो, बिजागरीही तुटलेली नसते. ज्या प्लास्टिकच्या खुंट्यांत त्या नळ्या गरम करून बसवलेल्या होत्या, त्या खुंट्या मुळापासून उपटलेल्या असतात. स्क्रीन हव्या त्या कोनात थांबावी म्हणून बिजागरी मुद्दाम कडक ठेवलेली असते, वापराने आणि धुळीने ती आणखी कडक होते, आणि रोज उघडमीट करतानाचा सगळा ताण मिरीएवढ्या प्लास्टिकच्या खुंटीवर येतो. दोन भाग मिसळून लावायच्या डिंकाने ती सांधता येते, पण त्या सांध्याची खात्री मी कुणालाही देत नाही. वरची पूर्ण चौकट बदलावी तर पुष्कळ मॉडेलांत कीबोर्ड त्याच चौकटीला प्लास्टिक वितळवून जोडलेला असतो, म्हणजे कीबोर्डासकट सगळेच नवे घ्यावे लागते, आणि तो पार्ट त्या मॉडेलसाठी बाजारात असेलच असे नाही.

बिझनेस मालिकेच्या मधल्या आणि वरच्या पायरीवरील लॅपटॉपमध्ये हीच बिजागरी मॅग्नेशियमच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीला पिळलेली असते. ती दहा वर्षांनी ढिली झालेली मी पाहिली आहे, उपटलेली क्वचितच. कीबोर्ड ठरावीक स्क्रू काढले की वेगळा निघतो, आणि काही मॉडेलांत त्याखाली पाणी बाहेर वाहून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. टेबलावर पेला कलंडला तर पाणी मदरबोर्डावर न साचता खालच्या बाजूने निघून जाते. लॅपटॉप जलरोधक असल्याचा हा अर्थ नाही. तो बंद करून, उलटा करून, चार्जर काढायला तुम्हाला मिनिटभराची सवलत मिळते, इतकाच अर्थ आहे. त्या मिनिटभरात वाचलेले मदरबोर्ड मात्र मी मोजलेले नाहीत इतके आहेत.

दुसरा फरक कागदपत्रांचा आहे आणि तो ग्राहकाला कधीच दिसत नाही. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक या बिझनेस मालिकांच्या जवळपास प्रत्येक मॉडेलची दुरुस्तीपुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत उतरवून घेता येते. कोणता स्क्रू कोणत्या लांबीचा, कोणती केबल आधी सोडवायची आणि प्रत्येक पार्टचा क्रमांक काय, हे सगळे त्यात असते. शिवाय मोठ्या कंपन्या हे लॅपटॉप एकाच वेळी शेकड्यांनी किंवा हजारांनी घेतात, तीन-चार वर्षांनी सगळेच एकदम विकून टाकतात, आणि त्यांतल्या नादुरुस्त यंत्रांचे सुटे भाग वर्षानुवर्षे बाजारात फिरत राहतात. सहा वर्षे जुन्या बिझनेस लॅपटॉपचा कीबोर्ड मिळवायला मला एखादा फोन पुरतो. तेवढ्याच वयाच्या घरगुती लॅपटॉपचा मिळेल की नाही, हे मी ग्राहकाला आधी सांगत नाही, कारण त्या मालिकांची मॉडेले दरवर्षी बदलतात आणि नावात एका अक्षराचा फरक असला तरी आतला पार्ट वेगळा निघतो.

आता वॉरंटीकडे येतो. माझ्या मते जादा किमतीतला सर्वांत मोठा वाटा तिचाच आहे, पण खरेदी करणारे तिच्याकडे सर्वांत कमी पाहतात. घरगुती लॅपटॉपला बहुधा एक वर्षाची वॉरंटी असते आणि लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यावा लागतो. तो परत कधी मिळेल हे त्यांच्या गर्दीवर आणि पार्टच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. बिझनेस लॅपटॉपला तीन वर्षांची आणि तंत्रज्ञ जागेवर येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी सोबत मिळते किंवा थोडी रक्कम भरून घेता येते. तिच्यात ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ असे शब्द असतात, पण ते नीट वाचावेत. ती मुदत तुम्ही फोन केल्यापासून मोजली जात नाही. फोनवर तपासणी होऊन कोणता पार्ट लागणार हे ठरल्यावर ती सुरू होते, आणि काही ठिकाणी ती सेवाच मिळत नाही. लॅपटॉप हातातून पडणे किंवा त्यावर पाणी सांडणे साध्या वॉरंटीत बसत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची बहुधा एकाच वर्षाची असते. आणि वॉरंटीची सुरुवात कधी कधी कारखान्यातून माल निघाल्याच्या तारखेपासून नोंदलेली असते, त्यामुळे दुकानात चार महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपची चार महिन्यांची वॉरंटी तुम्ही घेण्याआधीच संपलेली असू शकते. बिल दाखवून ती तारीख दुरुस्त करून घेता येते, पण ते पहिल्याच आठवड्यात करावे.

यानंतर हिशेब मांडू; प्रश्नकर्त्यांचा हातखंडाच तो आहे, त्यामुळे त्यांना माझ्या आकड्यांच्या जागी आपले आकडे घालता येतील. घरगुती लॅपटॉपची किंमत १०० धरू आणि बिझनेस लॅपटॉपची १७५. वर्षाला कामाचे २५० दिवस धरू. पहिला चार वर्षे, म्हणजे १,००० दिवस नीट चालला, तर प्रत्येक दिवसाला ०.१० पडले. दुसरा सहा वर्षे, म्हणजे १,५०० दिवस चालला, तर दिवसाला ०.११७ पडले. दोघांनाही मधे एकेक बॅटरी लागेल, ती दोन्हीकडून वगळू. म्हणजे आयुष्य दीडपट धरूनही बिझनेस लॅपटॉप महागच पडतो, वर्षाला सुमारे ४ एककांनी. ‘जास्त टिकतो म्हणून शेवटी स्वस्तच पडतो’ हे जे सर्रास सांगितले जाते, ते पावणेदोन पट किमतीला खरे ठरत नाही, हे मला इथे स्पष्ट करायचे आहे. ते दीडपटीपर्यंत खरे ठरते.

पण या हिशेबात बंद पडलेला दिवस अजून आलेलाच नाही. समजा घरगुती लॅपटॉपची किंमत तुमच्या वीस दिवसांच्या कमाईएवढी आहे, म्हणजे तुमचा एक दिवस ५ एककांचा. वर्षाला ४ एककांचा जो फरक आला, तो वर्षातला एक बंद दिवस वाचला की भरून निघतो आणि थोडे उरतेही. सर्व्हिस सेंटरमध्ये एकदा आठ दिवस अडकलेला लॅपटॉप ४० एककांचा फटका देतो, म्हणजे दोन लॅपटॉपांमधल्या ७५ एककांच्या अंतराच्या निम्म्याहून अधिक रक्कम एकाच बिघाडात गेली. आणि करविवरणपत्रांच्या शेवटच्या आठवड्यात तो अडकला तर त्या आठ दिवसांचे मोल इतर दिवसांच्या कितीतरी पट असते, हे हिशेबतपासनिसाला मी सांगायला नको. उलट ज्याच्या घरी दुसरा संगणक तयार आहे, किंवा ज्याचे काम दोन दिवस थांबले तरी चालते, त्याच्यासाठी हा आकडा शून्याच्या जवळ जातो आणि मग जादा किमतीचे समर्थन करता येत नाही. विद्यार्थी, घरच्या घरी पत्रव्यवहार आणि चित्रपट पाहणारे, लॅपटॉप टेबलावरून कधीच न हलवणारे, या सर्वांना मी बिझनेस मालिकेतला नवा लॅपटॉप घेऊ नका असेच सांगतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनीही तो पैसा ग्राफिक्स कार्डात आणि स्क्रीनमध्ये घालावा.

या किमतीत काही गोष्टी अशाही येतात ज्यांचा एकट्या व्यावसायिकाला उपयोग नसतो. इंटेलचे व्हीप्रो हे त्याचे ठळक उदाहरण आहे. २००६ मध्ये आलेल्या या तंत्रज्ञानाने लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम बंद असली तरी दूरवरून त्याचा ताबा घेता येतो. हजार लॅपटॉप सांभाळणाऱ्या विभागाला ते वरदान आहे, तुम्हाला त्याचा स्पर्शही होणार नाही. एकच मॉडेल व्हीप्रोसह आणि व्हीप्रोविना मिळत असेल तर विना घ्यावे. स्मार्ट कार्डाचा वाचक, मोबाइल सिम घालण्याची सोय, यांचेही तसेच. टीपीएम नावाची सुरक्षा-चिप हे एकेकाळी बिझनेस लॅपटॉपचे वैशिष्ट्य होते, पण २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० सक्तीचे केल्यापासून ती सर्वांकडेच असते, त्यामुळे विक्रेता तिचे कौतुक करू लागला तर ऐकून सोडून द्यावे. विंडोजची प्रो आवृत्ती मात्र तुमच्या कामाची आहे. बिटलॉकरचे, म्हणजे एसएसडीवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या सोयीचे, पूर्ण नियंत्रण तिच्यात मिळते, आणि ग्राहकांचे आर्थिक कागद ज्या यंत्रात आहेत ते चोरीला गेल्यास एसएसडी काढून दुसरीकडे वाचता येऊ नये, ही तुमची जबाबदारी आहे. तरीही विंडोजच्या साध्या होम आवृत्तीतून प्रोमध्ये जाण्याचे शुल्क वेगळे भरता येते, त्यामुळे तेवढ्यासाठी लॅपटॉप बदलण्याचे कारण नाही.

‘लष्करी दर्जाचा मजबूतपणा’ या शब्दांविषयी जरा सांगतो, कारण ते आता स्वस्त लॅपटॉपच्या खोक्यावरही दिसतात. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे चाचणीपद्धतींचे पुस्तक आहे. त्याची ‘एच’ आवृत्ती २०१९ ची. उष्णता, थंडी, धूळ, कंप, आघात अशा कितीतरी चाचण्या कशा घ्याव्यात हे त्यात लिहिलेले आहे. पण त्यांतल्या कोणत्या घ्यायच्या आणि किती कडक घ्यायच्या हे कंपनी स्वतः निवडते, आणि खात्याकडून कुणालाही प्रमाणपत्र मिळत नाही. दोन खोक्यांवर तेच शब्द असले तरी आत घेतलेल्या चाचण्या निरनिराळ्या असू शकतात. मी त्यापेक्षा दुकानात मांडलेला लॅपटॉप एका हाताने पुढच्या कोपऱ्याला धरून उचलतो आणि बॉडी पिळवटते का, करकरते का, हे पाहतो. मग स्क्रीनच्या मागच्या बाजूला मध्यभागी अंगठ्याने हलकेच दाबून चित्रात लाटा उमटतात का, हे पाहतो. दोन्हींना मिळून अर्धे मिनिट लागते.

‘बिझनेस’ हा शब्द पाहून थांबू नये, कारण त्यातही पायऱ्या आहेत आणि सर्वांत खालच्या पायरीवर बहुतेक वेळा घरगुती लॅपटॉपलाच काळा किंवा करडा पोशाख चढवलेला असतो. थिंकपॅड हे नाव आयबीएमने १९९२ मध्ये आणले आणि २००५ पासून ते लेनोवोकडे आहे; त्यात ई ही सर्वांत खालची पायरी, एल तिच्या वर, आणि ज्या लॅपटॉपांमुळे हे नाव झाले ते टी आणि एक्स मालिकेतले. एचपीकडे प्रोबुक खाली आणि एलिटबुक वर. डेलकडे लॅटिट्यूडचे ३०००, ५०००, ७००० आणि ९००० असे चढते क्रम होते. २०२५ च्या आरंभी कंपनीने ती नावे मोडीत काढून डेल प्रो, प्रो प्लस आणि प्रो प्रीमियम अशी नवी उतरंड आणली, तेव्हा जुने आणि नवे मॉडेल शेजारी ठेवताना गोंधळ होतो. मी वर बिजागरीचे, दुरुस्तीचे आणि पार्टचे जे गुण सांगितले, ते मधल्या पायरीपासून लागू होतात.

गंमत अशी की, तेच गुण अगदी वरच्या पायरीवर पुन्हा कमी होतात. लॅपटॉप पातळ आणि हलका करण्याच्या नादात रॅम मदरबोर्डावरच झाळलेली असते. थिंकपॅड एक्स१ कार्बन हा या मालिकेतला मानाचा लॅपटॉप, पण त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही आणि ती बिघडली तर मदरबोर्डच बदलावा लागतो. वजन एक किलोच्या आसपास हवे असेल तर हा सौदा मान्य करावा, मात्र रॅम घेतानाच जेवढी पुढे लागेल तेवढी घ्यावी. आठवड्यातून दोन-तीनदा पिशवीत जाणाऱ्या लॅपटॉपसाठी १.४ किलो वजन मला जास्त वाटत नाही, आणि त्या वजनात रॅमचा निदान एक खाचा मोकळा असलेले मॉडेल बहुधा मिळते.

बिझनेस लॅपटॉप ज्या एका बाबतीत ग्राहकाला सर्रास फसवतात ती म्हणजे स्क्रीन, आणि इथे माझा रागही थोडा आहे. भरभक्कम किमतीच्या मॉडेललाही सर्वांत कमी किमतीच्या जोडणीत २५० निटची, ४५ टक्के एनटीएससी रंगांची स्क्रीन बसवलेली असते. निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप, आणि एनटीएससी व एसआरजीबी ही ती किती रंग दाखवू शकते याची मापे. एनटीएससीचे ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम ६०-६५ टक्के. लाल रंग विटकरी दिसतो आणि खिडकीजवळ बसले की अक्षरे धुवून निघाल्यासारखी वाटतात. तेवढ्याच किमतीचा घरगुती लॅपटॉप या बाबतीत हमखास सरस असतो. दिवसाचे आठ-नऊ तास ज्याच्याकडे पाहायचे ती वस्तू अशी नसावी. मॉडेलच्या जोडणीत ३०० किंवा ४०० निट आणि १०० टक्के एसआरजीबी असे लिहिलेले आहे का, हे मॉडेलच्या पूर्ण क्रमांकावरून तपासावे, नुसत्या नावावरून नाही, कारण एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन विकल्या जातात.

स्क्रीनचा आकार मात्र बहुधा तुमच्या बाजूचा असतो. बिझनेस मालिकांनी १६:१० हे प्रमाण स्वीकारले आहे, म्हणजे १९२० गुणिले १०८० ऐवजी १९२० गुणिले १२०० ठिपके. वर-खाली १२० ठिपके वाढले. एक्सेलची नेहमीची ओळ २० ठिपक्यांची असते, म्हणजे मोजून सहा ओळी अधिक दिसतात. अक्षरे १२५ टक्के मोठी करून काम करत असाल तर पाचच्या आत. खातेवही वर-खाली सरकवण्यात ज्याचा दिवस जातो त्याला या सहा ओळी कोणत्याही प्रोसेसरपेक्षा जास्त वेग देतात. कीबोर्डाचेही असेच आहे. आकडे भरताना उजवीकडचा अंकांचा चौकोन लागतो आणि १४ इंची लॅपटॉपला तो बहुधा नसतो. सोबत वेगळा अंकफलक घेतला तर काम भागते, पण ग्राहकाच्या टेबलावर तो बाळगावा लागतो हे लक्षात ठेवावे.

एक तिसरी वाट आहे आणि बजेट ताणले जात असेल तर मी तीच सुचवतो. मोठ्या कंपन्यांकडून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेला, तपासून पुन्हा विकला जाणारा बिझनेस लॅपटॉप नव्या घरगुती लॅपटॉपपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतो. वरच्याच हिशेबात तो ५० ला मिळाला आणि आणखी तीन वर्षे, म्हणजे ७५० दिवस चालला, तर दिवसाला ०.०६७ पडले. तिन्हींत हा सर्वांत स्वस्त. जागेवर येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी त्याला नसते, पण असे दोन घेऊन एक कपाटात तयार ठेवला तरी खर्च १०० च होतो, आणि पर्यायी यंत्र हाताशी असणे हे कोणत्याही वॉरंटीपेक्षा जलद आहे. माझे स्वतःचे काम गेली सात वर्षे अशाच जोडीवर चालले आहे.

तो घेताना सर्वांत आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून पाहावे. तिथे पर्यवेक्षकाचा पासवर्ड लावलेला असेल तर लॅपटॉप कितीही चकचकीत असला तरी परत ठेवावा. बिझनेस लॅपटॉपमध्ये तो पासवर्ड मदरबोर्डावरचा छोटा सेल काढून जात नाही, मुद्दामच जाऊ नये असा तो बनवलेला असतो. मग विंडोज नव्याने टाकून, इंटरनेट जोडून सुरू करावे. एखाद्या कंपनीचे नाव घेऊन स्वागत झाले तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या नोंदीतून अजून सुटलेला नाही. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको, कारण विंडोज ११ त्याहून जुन्यांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘बॅटरीरिपोर्ट’ या शब्दासह दिली की एक अहवाल तयार होतो; त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे शेजारी मिळतात. मूळ ५० वॉट-तास आणि आज ३० असतील तर नव्या बॅटरीची किंमत वजा करूनच बोली लावावी.

आता प्रश्नकर्त्यांच्या नेमक्या निवडीविषयी. त्यांच्यासमोरचा महाग लॅपटॉप मधल्या किंवा त्यावरच्या पायरीचा असेल, किमतीत तीन वर्षांची जागेवरची वॉरंटी धरलेली असेल आणि स्क्रीन ३०० निटच्या वर असेल, तर त्यांनी पावणेदोन पट किंमत द्यावी. त्यांच्या कामाचे स्वरूप आणि शेवटच्या तारखांचा ताण पाहता ती रक्कम निघून येते. वॉरंटी एकच वर्षाची आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन देण्याची असेल, तर वाढीव वॉरंटीची किंमत विचारून ती १७५ मध्ये मिळवावी आणि हिशेब पुन्हा करावा. आणि तो सर्वांत खालच्या पायरीचा निघाला, तर स्वस्त लॅपटॉप घेऊन उरलेल्या रकमेत कपाटात ठेवण्यासाठी एक जुना बिझनेस लॅपटॉप घ्यावा. पैसे देण्यापूर्वी खोक्यावरचा अनुक्रमांक मागून घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याची वॉरंटी कधी संपते ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.

लॅपटॉप आला की त्याच दिवशी आणखी एक काम करावे. दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका कार्यालयात मदरबोर्ड गेला, तंत्रज्ञ खरोखरच दुसऱ्या दिवशी आला आणि चाळीस मिनिटांत नवा बसवून गेला. लॅपटॉप सुरू झाला तो निळ्या पडद्यावर, बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागत. एसएसडीचे कुलूप एरवी आपोआप उघडणारी किल्ली टीपीएमशी बांधलेली असते आणि टीपीएम जुन्या मदरबोर्डासोबत गेलेला होता. ते ४८ अंक कुणा जुन्या कर्मचाऱ्याच्या ईमेल खात्यात होते. ते सापडेपर्यंत दोन दिवस गेले, आणि ज्या बंद दिवसांसाठी त्यांनी जादा किंमत मोजली होती, तेच दिवस त्यांच्या पदरात पडले. ते अंक कागदावर लिहून बिलासोबत ठेवावेत.